कंट्रोलर आधी उघडून पाहा, मग शिफारस करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी व्हॉल्व्हचे रेडिओ यायचे, माझ्या उमेदीत रंगीत टीव्ही आले, आणि आता टेबलावर व्हिडिओ गेम खेळताना हातात धरायच्या कंट्रोलरांचा ढीग असतो. आपल्या पुरवणीत दोन हजारांच्या आतल्या कंट्रोलरांची यादी आली होती. तिचं कात्रण खिशात घालून पोरं दुकानात आली आणि विचारू लागली, "काका, यातला कुठला घेऊ?" यादीत प्रत्येकाचा रंग होता, दिवे किती रंगांचे ते होतं, ब्लूटूथ आहे की नाही ते होतं, पाचपैकी तारेही होते. कंट्रोलर पहिल्यांदा कुठे बिघडतो आणि यातला कुठला तिथे टिकेल, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण थोडक्यात सांगण्यासारखा हा विषय नाही.

आधी हा माल घेतो कोण ते सांगतो. सोनीचा किंवा मायक्रोसॉफ्टचा, सहा हजारांच्या घरातला कंट्रोलर घ्यायची ज्याची ऐपत आहे त्याला अशी यादी लागत नाही. यादी वाचतो तो लूमवर किंवा सायझिंगमध्ये काम करणाऱ्याचा मुलगा. ऑफिसातून निकाली निघालेला जुना कॉम्प्युटर घरी आलेला असतो, त्यावर फुटबॉलचा किंवा गाड्यांचा गेम कसाबसा चालतो, आणि कंट्रोलरचे दीड हजार वडिलांच्या दिवाळी बोनसमधून काढलेले असतात. तो बिघडला तर त्या घरात दुसरा लगेच येत नाही. म्हणून स्वस्त वस्तूची पारख महाग वस्तूपेक्षा जास्त कडक व्हायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. होतं उलटंच. "या किमतीला चांगला आहे" एवढं लिहिलं की परीक्षण संपतं. या किमतीला म्हणजे किती महिन्यांना, हे कोणी विचारत नाही.

माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "काका, हात लावला नाही तरी माझा प्लेयर डावीकडं पळतोय." पोरं याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि आता आयाबापांनाही तो शब्द पाठ झाला आहे.

हे का होतं ते नीट सांगतो, कारण सगळी पारख इथूनच सुरू होते. अंगठ्याखाली जी स्टिक असते, तिच्या तळाशी पत्र्याच्या चौकटीत दोन छोटे पॉट बसवलेले असतात, म्हणजे पोटेन्शिओमीटर. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. साधारण १० किलोओहमचे. आत कार्बनचा पट्टा, आणि त्यावर घासत सरकणारी धातूची जीभ. जीभ पट्ट्यावर कुठे आहे त्याप्रमाणे मधल्या पायावरचं व्होल्टेज बदलतं, आणि त्यावरून आतल्या चिपला स्टिक किती वळली ते कळतं. जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये हाच भाग होता. तो झिजला की आवाज वाढवताना खरखर यायची, हे अनेक वाचकांनी ऐकलेलं आहे. पण रेडिओचं बटण माणूस दिवसातून चारदा फिरवतो. फुटबॉलच्या गेममध्ये तीच हालचाल मिनिटाला शंभरदा होते. कार्बनची भुकटी निघते, पट्ट्याच्या मधल्या भागात, जिथे जीभ सगळ्यात जास्त ये-जा करते, तिथे खाच पडते, आणि स्टिक मध्यावर उभी असतानाही चिपला वाटतं की कोणीतरी ती ढकलली आहे.

स्टिक, चौकट आणि पॉट मिळून जो तयार भाग होतो त्याला मोड्युल म्हणतात. जपानची आल्प्स अल्पाइन कंपनी असे मोड्युल बनवण्यात मोठी. नामांकित कंट्रोलर खोलले तर बऱ्याचदा तिचाच माल निघतो. या वर्गातल्या मोड्युलसाठी तिने दिलेलं आयुष्य २० लाख फेऱ्यांचं आहे, आणि स्टिक खाली दाबून जे बटण लागतं त्याचं ५ लाख दाबांचं. ऐकायला आकडा मोठा वाटतो. मिनिटाला शंभर फेऱ्या धरल्या तर तासाला ६,००० झाल्या. २० लाख संपायला साडेतीनशे तासही लागत नाहीत. रोज दोन तास खेळणाऱ्या पोराचे ते साडेपाच महिने झाले. प्रत्येक हालचाल पूर्ण फेरी नसते, त्यामुळे बरेच कंट्रोलर यापेक्षा जास्त चालतात, हेही तितकंच खरं. पण हा हिशोब झाला चांगल्या मालाचा. दीड हजारांच्या कंट्रोलरमध्ये याच मोड्युलची नक्कल असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नसतं, आणि फेऱ्यांचा आकडा तर कुठेच सापडत नाही.

बदलता येतं का? येतं. नवं मोड्युल शंभरभर रुपयांत पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. पण एका मोड्युलचे १४ टाके सोडवावे लागतात: दोन पॉटचे तीन-तीन, बटणाचे चार आणि चौकटीचे चार. चौकटीचे पाय बोर्डावरच्या रुंद तांब्याला जोडलेले असतात, ते लवकर तापत नाहीत. जास्त वेळ तापवलं तर स्वस्त बोर्डाचा तांब्याचा थर उपटून हातात येतो. हे काम घाईने करता येत नाही, म्हणून मजुरी घ्यावी लागते. गिऱ्हाईक विचार करतं की यात अजून थोडे घातले तर नवाच येईल, आणि कंट्रोलर कचऱ्यात जातो. त्यातल्या थरथरणाऱ्या दोन मोटर, बटणं, चिप, वायर, सगळं धडधाकट असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

हा रोग स्वस्त मालापुरता नाही. निन्टेंडो या जपानी कंपनीचा स्विच हा गेम कन्सोल २०१७ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या छोट्या जॉय-कॉन कंट्रोलरांना ड्रिफ्ट येतो म्हणून जगभर ओरड झाली. अमेरिकेत २०१९ मध्ये ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने जवळपास २५ हजार तक्रारी गोळा करून युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. तिथल्या ग्राहकांनी एका छोट्या पॉटवरून एवढं रान उठवलं. आपल्याकडे पोरं माझ्या टेबलासमोर उभी राहून नशिबाला दोष देतात.

आणि उपाय काही नवा नाही. एडविन हॉल या अमेरिकी संशोधकाने १८७९ मध्ये दाखवून दिलं की वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणलं तर पट्टीच्या आडव्या दिशेने थोडं व्होल्टेज तयार होतं. स्टिकच्या आतल्या टोकाला चुंबक लावायचं आणि त्याच्यासमोर हे व्होल्टेज मोजणारा छोटा भाग, म्हणजे हॉल सेन्सर, बसवायचा. स्टिक हलली की चुंबक हलतं, व्होल्टेज बदलतं. मोजण्यासाठी काहीच कशावर घासत नाही, म्हणून कार्बन झिजण्याचा प्रश्नच राहत नाही. सेगा या जपानी गेम कंपनीने १९९६ मध्ये आपल्या सॅटर्न कन्सोलच्या थ्रीडी पॅडमध्ये आणि १९९८ मध्ये ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच वापरलं होतं. म्हणजे पंचवीस वर्षांहून जास्त काळ सगळ्या कंपन्यांना हा मार्ग माहीत आहे. तरी सोनीचा ड्युअलसेन्स आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीजचा कंट्रोलर २०२० मध्ये आले ते कार्बनचे पॉट घेऊनच.

मग स्वस्तातल्या चिनी कंपन्या पुढे आल्या. गुलीकिट, एटबिटडो, गेमसर यांनी हॉल सेन्सरच्या स्टिक द्यायला सुरुवात केली. एटबिटडोचा अल्टिमेट टू सी हा २०२४ मधला कंट्रोलर अमेरिकेत ३० डॉलरला निघाला, आणि त्यात हॉलच्या स्टिक आहेत. म्हणजे ज्या भागावर कंट्रोलरचं आयुष्य ठरतं, त्या भागात अर्ध्या किमतीचा माल दुप्पट किमतीच्या मालाच्या पुढे आहे. आता टीएमआर नावाचे सेन्सरही येऊ लागलेत. तेही चुंबकावरच चालतात, वीज कमी खातात आणि मोजमाप जास्त बारीक करतात. इतकी चांगली गोष्ट स्वस्त मालात घडलेली असताना आपल्या यादीत कुठल्या कंट्रोलरच्या स्टिकमध्ये पॉट आहे आणि कुठल्यात हॉल, हा रकानाच नव्हता. दोन हजारांच्या आतल्या मालात दोन्ही प्रकार शेजारीशेजारी विकले जातात, कधी शंभर-दोनशे रुपयांच्या फरकाने. वाचकाला सगळ्यात उपयोगी पडेल ती हीच माहिती.

हॉल लिहिलं आहे म्हणून डोळे झाकून घ्यावा, असं मात्र मी कोणाला सांगत नाही. सेन्सर झिजत नाही, पण स्टिकला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग झिजते आणि प्लास्टिकची चौकट सैल होते. स्प्रिंग मेली तर स्टिक थोडी तिरकी उभी राहते, आणि सेन्सर इमानदारीने तेच सांगतो. शिवाय खोक्यावर मोठ्या अक्षरांत हॉल इफेक्ट छापलेलं आणि आत फक्त मागच्या ट्रिगरला, म्हणजे तर्जनीखालच्या खटक्याला हॉल, स्टिकला तेच पॉट, असा माल मी स्वतः खोलून पाहिला आहे. कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेऊन एकाला झोडपलं की बाकीचे सुटतात.

न खोलता ओळखायची एक युक्ती आहे. जुन्या, मेलेल्या हार्डडिस्कमध्ये चपटं, फार जोरकस चुंबक असतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्टिकची जागा दिसत असताना ते चुंबक स्टिकच्या बुडाशी बाहेरून फिरवायचं. स्टिकला हात न लावता पडद्यावरची खूण सरकली तर आत हॉल किंवा टीएमआर आहे. ढिम्म राहिली तर बहुधा पॉट. पोरांना हे करून दाखवलं की ती खूश होतात, आणि मला त्यात मास्तरकी केल्याचं समाधान मिळतं.

पडद्यावर जागा दिसण्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) असं टाइप केलं की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तिथे प्रॉपर्टीजमध्ये एका चौकोनात स्टिकची खूण दिसते. कंट्रोलर घरी आल्या दिवशीच, परत करायची मुदत संपायच्या आत, हे पाहावं. स्टिक डावीकडे नेऊन झटकन सोडावी, मग उजवीकडून, वरून, खालून. खूण दर वेळी त्याच ठिकाणी परत यायला हवी. डावीकडून सोडल्यावर एकीकडे आणि उजवीकडून सोडल्यावर दुसरीकडे थांबत असेल तर स्प्रिंग किंवा चौकट पहिल्या दिवसापासून ढिली आहे. खूण थोडी मध्याबाहेर पण कायम एकाच जागी असेल तर त्याची मला एवढी काळजी वाटत नाही. ते कॅलिब्रेशनने, म्हणजे मध्य पुन्हा ठरवून देऊन, सुधारता येतं.

मात्र कसंही सोडलं तरी खूण बरोब्बर मध्यावर चिकटत असेल तर हुरळून जाऊ नये. हीच तर स्वस्त कंट्रोलरमधली सगळ्यात मोठी लपवाछपवी आहे. कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये मध्याभोवती एक टापू ठरवलेला असतो, ज्याला डेड झोन म्हणतात. त्या टापूत स्टिक कितीही हलली तरी कंट्रोलर शून्यच कळवतो. थोडा डेड झोन सगळीकडेच लागतो. मायक्रोसॉफ्टने गेम बनवणाऱ्यांसाठी जो आकडा सुचवला आहे तो डाव्या स्टिकसाठी ३२,७६७ पैकी ७,८४९, म्हणजे चोवीस टक्क्यांच्या आसपास. पण तो गेमने लावायचा असतो. कंट्रोलरने आतच आणखी एक मोठा टापू लावला, तर दोन्हींची भर पडते. मग नवा असताना ड्रिफ्ट दिसत नाही, परीक्षण लिहिणारा "ड्रिफ्ट अजिबात नाही" असं लिहून मोकळा होतो, आणि खेळणाऱ्याला कळत नाही की गाडी हळूच वळवायला गेलं की आधी काहीच का होत नाही आणि मग एकदम का वळते. बंदुकीच्या गेममध्ये नेम धरताना तर हे जीवावर येतं. म्हणून स्टिक अगदी सावकाश, केसभर केसभर ढकलावी आणि खूण कधी हलते ते पाहावं. बोटाला हालचाल स्पष्ट जाणवूनही पडदा गप्प असेल तर तिथे काहीतरी झाकलेलं आहे.

दुसऱ्या टोकालाही तेच पाहावं. स्टिक कडेला टेकायच्या बऱ्याच आधी पडद्यावर शंभर टक्के दिसत असेल, तर उरलेली हालचाल वाया जाते. मग कडेकडेने एक सावकाश गोल फिरवावा. खुणेने बऱ्यापैकी वर्तुळ काढावं. काही कंट्रोलर चौकोन काढतात, काही कोपऱ्यांत उड्या मारतात. फुटबॉलमध्ये तिरका पास द्यायचा असतो तेव्हा हाच कोपरा आडवा येतो.

ट्रिगरचं लवकर सांगतो. अर्धा दाबला की पडद्यावर अर्धा दिसला पाहिजे. नुसता चालू-बंद असेल तर गाड्यांच्या गेमसाठी तो कंट्रोलर निरुपयोगी आहे, फुटबॉलला चालतो. थरथरणाऱ्या मोटर दोन असतात, डावीकडे जड आणि उजवीकडे हलकी. दोन्ही वेगवेगळ्या घुमल्या पाहिजेत. दिव्यांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

बटणांना आणि दिशेच्या फुलीला आतून काळ्या रबराची चकती असते आणि तिला कार्बनची टिकली. नव्वदच्या दशकात कॅसेट लावून टीव्हीवर खेळायचे जे गेम आपल्याकडे घरोघरी होते, त्यांच्या पॅडमध्येही हेच रबर होतं. मी ते पॅड पोत्याने दुरुस्त केले आहेत. त्यांना स्टिक नव्हती, सगळं चालू-बंद, म्हणून त्यांना ड्रिफ्ट हा प्रकारच नव्हता. वायर मानेशी तुटायची आणि रबर झिजायचं, एवढंच. दोन्ही दुरुस्त्या दहा मिनिटांच्या. आजच्या वायरच्या कंट्रोलरमध्येही वायर मानेशीच तुटते. लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार तारा असतात, दोन इंच कापून पुन्हा जोडल्या की काम झालं. म्हणून कायमची जोडलेली वायर म्हणजे वाईट, असं मी मानत नाही. टाइप सीचं सॉकेट दिसायला छान, पण ते बोर्डाला चार भक्कम पायांनी धरलेलं नसेल तर खेळताना वायरीला बसणारा प्रत्येक झटका थेट टाक्यावर जातो.

बिनवायरच्या कंट्रोलरमध्ये दोन गोष्टी विचाराव्यात. बॅटरी कनेक्टरने जोडली आहे की थेट टाका मारला आहे, आणि कॉम्प्युटरला लावायचा यूएसबीचा छोटा डाँगल, ज्यातून कंट्रोलर त्याच्याशी बोलतो, तो हरवला तर वेगळा मिळतो का. माझ्याकडे कंट्रोलर धडधाकट असूनही केवळ डाँगल हरवला म्हणून अडगळीत गेलेले तुकडे पडून आहेत. दुसऱ्याचा डाँगल त्याला ओळखत नाही. ज्याला ब्लूटूथही आहे किंवा वायर लावूनही खेळता येतं, तो कंट्रोलर मी आधी सुचवतो.

आता "सगळीकडे चालतो" या दाव्याबद्दल. विंडोजवर कंट्रोलरने बोलायच्या दोन पद्धती आहेत. जुनी डायरेक्टइनपुट, आणि २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या वेळी आलेली एक्सइनपुट. आजचे बहुतेक गेम एक्सइनपुट धरून चालतात. कंट्रोलर फक्त जुनी पद्धत बोलत असेल तर गेम त्याला ओळखत नाही, किंवा बटणांची अदलाबदल होते. पोरगं बिचारं समजतं की आपल्याला लावता येत नाही. दोन्ही पद्धती असलेल्या कंट्रोलरमध्ये एखादं बटण काही सेकंद दाबून पद्धत बदलावी लागते, आणि ते सांगणारा कागद खोक्यात इतक्या बारीक अक्षरांत असतो की मला भिंग लागतं.

सोनीचा प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स या कन्सोलच्या बाबतीत तर जास्तच जपावं. प्लेस्टेशन ५ चे नवे गेम प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर स्वीकारत नाहीत, मग त्याची नक्कल कुठून स्वीकारणार? त्या जुन्या कंट्रोलरने प्लेस्टेशन ४ चे जुने गेम तेवढे खेळता येतात. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ पासून परवाना नसलेली उपकरणं एक्सबॉक्सवर चालणं बंद केलं. काल चालणारा कंट्रोलर एका अपडेटने मुका झाला, हे तेव्हा अनेक देशांतल्या लोकांनी अनुभवलं. यादीत "पीएस/एक्सबॉक्स/पीसी/मोबाइल" अशी एकच ओळ छापण्याआधी प्रत्येक ठिकाणी लावून पाहायला हवं होतं.

कोणी म्हणेल की ऑनलाइन दुकानात हजारो लोकांचे अभिप्राय असतात, ते वाचून ठरवावं. मी ते वाचतो. बहुतेक अभिप्राय पहिल्या आठवड्यातले असतात. त्या आठवड्यात कार्बनचा पट्टा नवाकोरा असतो, स्प्रिंग ताठ असते, डाँगल हरवलेला नसतो. बनावट अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं, ते चांगलंच झालं. पण खऱ्या माणसाने खरोखर आठव्या दिवशी लिहिलेला खरा अभिप्रायसुद्धा आठव्या महिन्याबद्दल काही सांगू शकत नाही. ते वर्तमानपत्र सांगू शकतं, कारण वर्तमानपत्र आठ महिन्यांनीही निघतच असतं.

खोक्याबद्दलही एक मागणी आहे. वेष्टनातल्या वस्तूंसाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यांनुसार उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं खोक्यावर लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणं बंधनकारक केलं. त्याच ओळींच्या शेजारी स्टिकचा सेन्सर कोणता आणि किती फेऱ्यांचा, हे दोन शब्द छापायला कंपनीला काय खर्च येणार आहे? बल्बच्या खोक्यावर वॉट आणि तास छापलेले आपण पाहतोच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं, त्यावर कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यायची आहे. गेमच्या कंट्रोलरला तिथे जागा मिळावी. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी १९७५ पासून काम करणारी संस्था आपल्या राज्यात आहे. हा विषय मुलांच्या खेळण्याचा म्हणून तिने बाजूला ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि ज्यांचा कंट्रोलर वॉरंटीत बिघडला आणि कंपनी दाद देत नाही, त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. बिल जपून ठेवावं. ऑनलाइन घेतलेल्या मालाचं बिल पुष्कळ जण कधी उतरवूनच घेत नाहीत.

आपल्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. पुढच्या यादीत प्रत्येक कंट्रोलरपुढे स्टिकचा सेन्सर लिहा. डेड झोन किती ते मोजून लिहा. स्क्रू साधे आहेत की स्टिकरखाली दडवलेत, बॅटरी सुटी होते का, डाँगल वेगळा मिळतो का, हे लिहा. आणि यादी छापून झाल्यावर तेच कंट्रोलर कार्यालयातल्या कोणाच्या तरी खेळणाऱ्या मुलांना द्या, आणि पुढच्या गणपतीत त्यांचं काय झालं ते पुन्हा छापा.

हे काम तुमच्या वार्ताहराला अवघड वाटत असेल तर त्याला इचलकरंजीला पाठवा. मीटर, सोल्डर, भिंग, हार्डडिस्कचं चुंबक, सगळं दुकानात आहे, आणि या कामाचे मी पैसे घेणार नाही. फक्त कंट्रोलर कंपनीने परीक्षणासाठी पाठवलेले नकोत. कोणत्याही गिऱ्हाइकाने घ्यावेत तसे दुकानातून, पैसे मोजून, बिलासकट घेतलेले आणा. एकदा खोलले की ते परत करता येणार नाहीत, तेवढी तयारी ठेवून या.

आपला,
एक वाचक, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती,
इचलकरंजी